काळ्या मातीत स्ट्रॉबेरी: आर्वीचं वावर, साकोलीची बांधी आणि गच्चीवरची कुंडी

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): विहिरीवर ओलिताची काळी जमीन आहे. संत्रा आणि पऱ्हाटी घेतो. मागच्या हिवाळ्यात चिखलदऱ्याला गेलो होतो, तिथे मोथ्याकडे स्ट्रॉबेरी पाहिली, तेव्हापासून डोक्यात घेतलं आहे. दहा गुंठे लावावी म्हणतो. पोरीला गच्चीवर कुंड्यांत लावायची आहे. साकोलीकडे माझे साडू धान लावतात, तेही विचारतात. रोपं कोणती आणावी, कधी लावावी, आणि उन्हाळ्यात झाडं टिकतात का?

उत्तर:

भाऊ, लावा, पण दहा गुंठे नका लावू. पहिल्या हिवाळ्यात एकच गुंठा घ्या. त्यात पाचशे ते साडेपाचशे रोपं बसतात आणि एवढ्यालाच घरच्या दोन माणसांचे हात गुंतून राहतात. आणि रोपांची चौकशी करण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. ते का, हे पुढे सांगते. आधी हवेचं बोलू, कारण तुम्ही चिखलदऱ्याला जे पाहिलं ते आर्वीत तसंच्या तसं उतरणार नाही.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. तुमचा पट्टा ३०० मीटरच्या आगेमागे. शंभर मीटर वर चढलं की हवा अर्ध्या-पाऊण अंशाने थंड होते, म्हणजे तुमचं वावर आणि मोथ्याचा उतार यांत पाच अंशांचा तरी फरक धरा. स्ट्रॉबेरीला दिवसा २२ ते २५ आणि रात्री ७ ते १३ अंश मानवतात. अशा रात्री आपल्याला नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळतात. दिवसा मात्र जानेवारीतही पारा २८-२९ पर्यंत जातो, आणि मार्चमध्ये ३५ च्या पुढे गेला की झाड फूल धरायचं सोडतं. म्हणून मैदानी विदर्भात स्ट्रॉबेरी हे रब्बीचं, एका हंगामाचं पीक समजायचं. हरभऱ्यासारखं लावायचं, काढायचं आणि पुढच्या साली नवी रोपं आणायची. बाकीचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

परदेशी व्हिडिओ पाहून लोक दिवसाच्या लांबीबद्दल फार विचारतात. स्ट्रॉबेरीच्या बहुतेक जाती दिवस लहान झाला की कळी धरतात, ही मर्यादा १२ ते १४ तासांच्या मधली. युरोपात उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा असतो, म्हणून तिथे हा विचार लागतो. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतबाहेर, आणि डिसेंबरात तो अकरा तासांहूनही कमी असतो. दिवसाच्या लांबीपायी आपलं काहीच अडत नाही, अडतं ते उष्णतेपायी. ‘बारमाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींचंही तेच. दिवस केवढाही असला तरी त्या फुलतात हे खरं, पण तीस अंशांपुढे त्याही थांबतात. त्या नावावर जास्त पैसे मोजू नका.

आता पाणी. स्ट्रॉबेरीइतकं खारेपणाला हळवं फळपीक दुसरं सापडणं कठीण. मातीतल्या ओलीची क्षारता मीटरला १ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. कापूस याच्या सात-आठ पट क्षार सोसतो. त्यामुळे ‘याच पाण्यावर माझी पऱ्हाटी डोक्याएवढी होते’ हा पुरावा इथे चालत नाही. पाण्याचा ईसी, म्हणजे याच मापातली क्षारता, ०.७ पर्यंत असेल तर निर्धास्त लावा. ०.७ ते १ असेल तर आठवड्यातून एकदा जास्तीचं पाणी सोडून वाफ्यातले क्षार खाली धुवावे लागतील. दीडच्या वर असेल तर विहिरीच्या पाण्यावर स्ट्रॉबेरी करूच नका. शेततळ्यात पावसाचं पाणी धरलेलं असेल तर एका गुंठ्याला ते पुरतं. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या कास्तकारांना तर मी सरळ सांगते, शेततळं असेल तरच या पिकाकडे वळा. पाणी तपासायला जिल्ह्याची मृद् चाचणी प्रयोगशाळा आहे, सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्रही तुम्हाला जवळ पडेल. खाऱ्या पाण्याची खूण अशी: जुन्या पानांची कड करपते, तपकिरी होऊन कागदासारखी कुरकुरीत लागते, पण पानाचा मधला भाग हिरवाच असतो. पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी देतो आणि त्यासोबत आणखी क्षारही.

मातीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण संत्र्यात तुम्ही ते पाहिलेलंच आहे. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते चुनखडीमुळे. लोह जमिनीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएचची) माती लागते आणि आपली काळी माती पावणेआठ-सव्वाआठच्या घरात. मुठीत माती घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफसली तर चुनखडी भरपूर आहे असं समजा. अशा जमिनीत गंधक टाकून सामू खाली आणायच्या नादाला लागू नका. चुना एवढा असतो की गंधक संपतं आणि सामू जागचा हलत नाही. त्यापेक्षा एका गुंठ्यापुरती चार-पाच ट्रॉली तांबडी किंवा बरड माती आणा, त्यात पुरतं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा, आणि काळ्या मातीच्या वर एक फूट उंच, तीन फूट रुंद गादीवाफे उभे करा. यात दुसरा फायदा म्हणजे निचरा. काळी माती ओली असते तेव्हा मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या फुटात असतात, त्यांना हे दोन्ही सोसत नाही. एवढं करूनही पानं पिवळी पडली तर ईडीडीएचए प्रकारचं लोह चिलेट ड्रिपमधून द्या. साधं ईडीटीए आपल्या सामूला टिकत नाही, पैसे वाया जातात.

जागा निवडताना मागचं पीक बघा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा आणि कापूस यांना मर लावणारी व्हर्टिसिलियम बुरशी स्ट्रॉबेरीलाही लागते. पऱ्हाटीच्या वावरापेक्षा सोयाबीन किंवा ज्वारी निघालेला तुकडा बरा. त्याहून बरं म्हणजे पावसाळ्यात तिथे ताग पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडलेला. पश्चिमेच्या धुऱ्यावर तुरीच्या ओळी असतील तर उत्तमच. ऑक्टोबरात तूर डोक्यावर गेलेली असते आणि दुपारनंतरचं ऊन अडवते.

रोपं वाई, पाचगणी, महाबळेश्वरच्या रोपवाटिकांतून येतात. जाती विचाराल तर विंटर डॉन आणि स्वीट चार्ली आधी घ्या. दोन्ही फ्लोरिडाच्या, म्हणजे सौम्य हिवाळ्यात लवकर फळावर यायला तयार केलेल्या. आपला हंगाम आखूड, तेव्हा लवकर येणारी जात हवी. कॅमारोसाचं फळ टणक, वाहतुकीला चांगलं, पण ते जरा उशिरा येतं. ती चिखलदऱ्याकडे जास्त शोभते, तुमच्याकडे थोडी लावून बघा. बियांची पाकिटं मात्र घेऊ नका. या संकरित जाती बियांपासून आईसारख्या उतरत नाहीत, त्या रनरवरच, म्हणजे झाडातून निघून जमिनीवर पसरणाऱ्या दोऱ्यांवर, वाढवतात.

रोपं हातात आली की पैसे देण्याआधी एक काम करा. चारदोन रोपं काढा आणि ब्लेडने त्यांचा गड्डा, म्हणजे पानं आणि मुळं जिथे मिळतात तो जाड भाग, उभा चिरा. आतून पांढरा, मलईच्या रंगाचा असला तर रोप निरोगी. त्यात विटकरी, संगमरवरासारख्या तपकिरी रेषा दिसल्या तर गड्डाकुजीची बुरशी आत शिरलेली आहे. वरून पान कितीही टवटवीत असलं तरी ते रोप ऑक्टोबरच्या उन्हात पंधरवड्यात मान टाकतं. चारांतलं एकही असं निघालं तर सगळी खेप परत करा. सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास आहे, तेव्हा गाडी रात्रीची ठरवा आणि उघड्या मुळांपेक्षा कोकोपीट ट्रेमधली रोपं मागा. थोडी महाग पडतात, पण मरतुक कमी होते.

लागवड ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. परतीचा पाऊस बेभरवशाचा, म्हणून वाफे उंच हवेत. सप्टेंबरात घाई केली तर उकाड्यात रोपं जळतात. नोव्हेंबरात गेलात तर झाड अंगावर येईपर्यंत थंडी निम्मी सरलेली असते. संध्याकाळी चारनंतर लावा, एका वाफ्यावर दोन ओळी, एक-एक फुटावर, तिरप्या जोडीने. गड्ड्याची खोली नीट जमली पाहिजे: त्याचा निम्मा भाग मातीत, निम्मा वर, आणि मधला कोंब पूर्ण उघडा. कोंबावर माती पडली तर तो कुजतो, गड्डा उंच राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात. पहिलं पाणी दिल्यावर माती बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक रोपाजवळ बसून पुन्हा पाहायचं. लावणीपेक्षा हे दुसऱ्या दिवशीचं बसणं पीक वाचवतं असा माझा अनुभव आहे.

वरती पन्नास टक्क्यांची शेडनेट तीन-चार आठवडे ठेवा, नसेल तर पऱ्हाट्यांचा मांडव चालेल. नोव्हेंबर लागला की काढून टाका, तेव्हा झाडाला पूर्ण ऊन हवं. आच्छादनाला चंदेरी-काळा कागद घ्या, चंदेरी बाजू वर. चिखलदऱ्याला लोक काळी बाजू वर करून माती गरम ठेवतात तर ते तिथे बरोबर आहे, आपल्याकडे काळ्या कागदाखाली ऑक्टोबरात मुळं भाजतात. कागद नसेल तर धानाची तणस किंवा गव्हाचं कुटार जाड पसरा. फळ मातीला टेकलं की कुजतं, तेवढ्यासाठी तरी काहीतरी खाली हवंच.

लागवडीनंतर महिनाभर येणारी फुलं खुडा. जीवावर येतं, पण तेव्हा झाड पाच पानांचं असतं आणि त्याच्याकडून फळ घेतलं तर जानेवारीत काही उरत नाही. रनर दिसतील तसे कापा. पाणी रोज थोडं द्या, झाडामागे पाव ते अर्धा लिटर, आणि रात्रीची लाईन असली तरी पहाटेच्या फेरीला द्यायचा प्रयत्न करा. संत्र्याला बहारासाठी देतो तसा ताण इथे अजिबात नाही. खतात नत्राचा हात आखडता ठेवा, युरियाने पानं माजतात आणि फळ मऊ, फिकं होतं. फुलोऱ्यापासून १३:०:४५ (नत्र:स्फुरद:पालाश), कॅल्शियम नायट्रेट आणि ०:०:५० आलटूनपालटून, थोडं थोडं, आणि कॅल्शियम नायट्रेट कधीही ०:०:५० मध्ये मिसळू नका, टाकीत साका बसून ड्रिप तुंबते. लाल पोटॅश टाळा, त्यातलं क्लोराईड या झाडाला बाधतं.

फुलं येतील तेव्हा एक वेडंवाकडं फळ हातात घेऊन बारकाईने पाहा. फळावर जे बी दिसतं ते प्रत्येक बी म्हणजे खरं तर एक स्वतंत्र फळच. त्यातून निघणाऱ्या संप्रेरकामुळे त्याच्या भोवतीचा गर फुगतो. जिथे फळ चेपलेलं आहे तिथलं बी बारीक, पोचट असतं, कारण तिथे पराग पोचलाच नाही. एका फुलावर असे शेकडो स्त्रीकेसर असतात आणि मधमाशी फुलावर गोल फिरते तेव्हा ते सगळे भरतात. वाकडं फळ दिसलं की लोक बोरॉन नाहीतर कॅल्शियम फवारतात. मी आधी विचारते, शेजारच्या हरभऱ्यावर घाटेअळीचं औषध कधी मारलं? शेजाऱ्याशी बोलून ठेवा, फवारणी सूर्य मावळल्यावर करायला सांगा. आणि धुऱ्यावर थोडी मोहरी किंवा झेंडू राहू द्या.

रोग-किडींत आपला मुख्य शत्रू लाल कोळी. हवा कोरडी आणि ऊन तापलं की तो वाढतो, म्हणजे फेब्रुवारीपासून. पानाच्या खालची बाजू भिंगाने आठवड्यातून एकदा बघा. पानं निस्तेज, धुळकट दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. सुरुवातीला पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो. जानेवारीत चार दिवस ढग राहिले तर राखाडी बुरशी येते, तेव्हा कुजलेलं प्रत्येक फळ वेचून शेताबाहेर न्या, मोकळी हवा खेळू द्या आणि पाणी पानांवर टाकू नका. फळावर आलेल्या पिकावर कोणतंही औषध मारताना लेबलवरचा काढणीपूर्व काळ पाळा. हे फळ न सोलता तोंडात जातं. याशिवाय बुलबुल, साळुंक्या आणि खारी आहेतच, त्यासाठी जाळी लागते. रोही आणि रानडुक्कर तुमच्याकडे असतील तर कुंपणाचा खर्च आधीच धरा.

विक्रीचं मोकळेपणाने सांगते. मैदानी भागात झाडामागे पाव किलोचा हिशेब मी धरते. म्हणजे गुंठ्यात दोन-अडीच महिन्यांत सव्वाशे-दीडशे किलो, रोज दोन किलोच्या आसपास. एवढं फळ आर्वी, पुलगाव, वर्ध्यात घरोघरी आणि दुकानांतून सहज जातं. जानेवारीत हुरड्याला लोक शेतावर येतात, तेव्हा तिथेच सगळ्यात चांगला भाव मिळतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते पण गोड होत नाही, म्हणून दूरच्या बाजारासाठी ती अर्धकच्ची तोडतात. तुमचं फळ सकाळी पूर्ण लाल तोडलेलं, देठासकट, दुपारच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात. महाबळेश्वरच्या मालापुढे तुमची हीच बाजू जड आहे. दहा गुंठे लावले असते तर रोज वीस किलो फळ घेऊन तुम्ही नागपूरच्या बाजारात उभे असता आणि ही बाजू हातातून गेली असती.

साकोलीच्या साडूंचं तुमच्यापेक्षा थोडं सोपं आहे. तिकडच्या सिहार, मोरंड मातीत चुना कमी, पाणी बहुतेक गोडं आणि थंडीही बऱ्यापैकी. शेजारच्या गोंदियाचा पारा हिवाळ्यात विदर्भात बहुधा सगळ्यात खाली असतो. अडचण वेळेची. धान निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो आणि बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर, तोवर ओलीच असते, शिवाय चिखलणीने खालचा थर घट्ट झालेला. त्यांनी बांधीत करूच नये. घराजवळच्या उंच, बरड तुकड्यात ऑक्टोबरात वाफे करावेत. तणस घरचीच आहे. सकाळचं धुकं आणि दव जास्त, म्हणून ओळी थोड्या विरळ, सव्वा फुटावर, नाहीतर राखाडी बुरशी पाठ सोडणार नाही.

चिखलदऱ्याकडे तुमचं कोणी असेल तर त्यांच्यासाठी एवढंच: तिथे लागवड सप्टेंबरच्या शेवटी करता येते आणि हंगाम मार्चअखेर लांबतो, पण डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे दव गोठून हिम धरतं. फुलाचा मधला भाग काळा पडला तर ते हिमानेच, त्याचं फळ होत नाही. थंडीची लाट सांगितली की संध्याकाळी वाफ्यांवर पातळ क्रॉप कव्हर टाकायचं, सकाळी काढायचं.

पोरीची गच्ची मला सगळ्यात सोपी वाटते, कारण माती आणि पाणी दोन्ही आपल्या हातात. आठ-दहा इंची मातीची कुंडी, एका कुंडीत एक झाड. मातीची कुंडी पाझरून गार राहते, काळी प्लास्टिक पिशवी तापते. पिशव्याच असतील तर बाहेरून चुना मारा. मिश्रणात एक भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. कोकोपीट आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवून पिळून घ्यायचं, त्यात मीठ असतं. कुंड्या पश्चिमेच्या कठड्यालगत ठेवा, दुपारनंतर सावली मिळेल अशा, आणि एकमेकींना चिकटवून, म्हणजे बाहेरच्या ओळीखेरीज बाकीच्या कुंड्यांच्या बाजूंना ऊन लागून त्या तापत नाहीत. घरात आरओ असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने बरेच जण घालतात, पण गाळून राहिलेले सगळे क्षार त्यातच असतात. गच्चीवर मधमाशा कमी येतात, तेव्हा सकाळी दहा-अकराच्या सुमारास मऊ ब्रश प्रत्येक फुलावर गोल फिरवायला पोरीला शिकवा.

राहिला उन्हाळा. ४५ अंशांत वावरातली झाडं टिकत नाहीत आणि टिकवायचा खर्च नव्या रोपांपेक्षा जास्त होतो. फेब्रुवारीच्या मध्यात पस्तीस टक्क्यांची पांढरी नेट पुन्हा चढवली तर हंगाम दोन-तीन आठवडे लांबतो, तेवढं करा. त्याच दिवसांत गारपिटीची भीती असते, नेट तिथेही थोडी आड येते. मार्चच्या उत्तरार्धात फळं बोराएवढी आणि आंबट व्हायला लागली की थांबा. झाडं उपटून जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर त्यावरचा लाल कोळी उन्हाळी भाजीवर उतरतो. कागद गुंडाळून ठेवा, ड्रिप धुवून घ्या, वाफ्यांवर चवळी पेरा. पोरीला हौस असेल तर तिने चारपाच कुंड्या उत्तरेच्या भिंतीशी, माठाजवळच्या ओलाव्यात ठेवून बघाव्यात. पावसाळ्यापर्यंत जगल्या तर जुलैत त्यांना रनर येतील, ते छोट्या पिशव्यांत टेकवून सप्टेंबरात कापून घ्यायचे. पण त्या रोपांवर पुढच्या वर्षीच्या गुंठ्याचा भरवसा ठेवू नका, त्यासाठी ऑगस्टमध्येच रोपवाटिकेत नोंदणी करावी लागते. सप्टेंबरात फोन केला तर उरलीसुरली रोपं मिळतात.